पालकांची प्रत

मुलांना घरीच शिकवणाऱ्या आईबापांइतकी मिजासखोर मंडळी या शहरात दुसरी नसतील. वर्षभर मीही त्यांच्यात होते, म्हणून सांगते. रविवारी सकाळी बागेत जमायचं आणि आपापल्या अभ्यासक्रमाची टिमकी वाजवायची. एकीनं परदेशातून मागवलेल्या पुस्तकात मुलांनी अंगणातला बर्फ मोजायचा होता, तोही आपल्या एप्रिलमध्ये. एका बापाला अभ्यासक्रमच नको होता. मुलाला आयुष्य शिकवेल म्हणे. मुलगा तिकडे बाकावर मोबाइलमध्ये गाड्या पळवत होता.

मला असली हौस नव्हती. माझ्या आठ वर्षांच्या मुलीला वाचता येत नव्हतं, आणि शाळेतल्या बाई तिला मुद्दाम उभं करून वाचायला लावायच्या, वर्ग हसेपर्यंत. पुढे पुढे ती पुस्तक दिसलं की तोंड फिरवायला लागली. तेव्हा मी शाळा सोडवली. ही कधी वाचेल की नाही, याच धास्तीनं माझा जीव जायचा.

त्या मंडळींतल्या एका सल्लागार बाईंनी आम्हा मायलेकींची चाचणी घेतली. तिला रंगीत ठोकळे दिले, मला प्रश्न विचारले. निष्कर्ष काय, तर मुलगी हळवी आणि आई तापट. पडेगावात आमच्या इमारतीच्या जिन्यात कुणालाही विचारलं असतं तरी फुकट कळलं असतं. तापट आयांसाठी बाईंकडे पुस्तकांचा खास संच होता, तो मी मागवला. त्यातल्या पालकांच्या प्रतीत आईनं काय बोलायचं तेही ठळक अक्षरांत छापलेलं. मूल चुकलं की म्हणा, छान प्रयत्न. अडलं की म्हणा, काही घाई नाही. नवरा म्हणाला, नवरा-बायकोसाठी असलं काही निघालं तर तेही मागव.

बँकेच्या फोनवरच्या बाईच्या आवाजात मी ती वाक्यं रोज म्हणायचे. मुलगी समोर बसून स्वतःचं पुस्तक सोडून माझ्याच प्रतीकडे बघत राहायची. मला वाटायचं, फुगलीय.

एकदा ती एका शब्दावर अडली. मी माझं वाक्य शोधायला मान खाली घातली, तेवढ्यात ती म्हणाली, "आता तू म्हणणार, काही घाई नाही. मग माझ्याकडं बघून हसायचं. इथं लिहिलंय."

कंसात, बारीक अक्षरांत खरंच तसं होतं. रोज माझ्या तोंडून ऐकलेली वाक्यं तिनं समोरून, उलट्या अक्षरांत ओळखली होती, आणि त्यांवरून कंसातलं न ऐकलेलंही वाचलं होतं. मी प्रत तिच्याकडे फिरवली. तिनं बोट ठेवत, अडखळत, सगळं पान वाचलं. माझं कौतुक, माझा धीर, माझं हसू, सगळं.

मग तिनं विचारलं, "हे तर त्यांचं झालं. तुला काय म्हणायचं असतं?"

"मला भीती वाटते," मी म्हणाले. "तू वाचशील की नाही याची."

"वाचतेय की," ती म्हणाली आणि तिनं पान उलटलं.