बेसिनमागची टाइल

आमच्या सौभाग्यवतींच्या मामांनी उभ्या जन्मात विश्वास ठेवला तो फक्त कुलपावर, आणि तोही चारदा ओढून बघितल्यावर. कोर्टात कारकुनी करताना रोज दोन्ही बाजूंना शपथेवर खोटं बोलताना ऐकून, जगात खरं असं काही उरलेलं नाही, अशी त्यांची खात्री झाली होती. पेन्शनीत निघाल्यावर साक्षीदार संपले, तेव्हा त्यांनी गवळी, शिंपी, न्हावी जो सापडेल त्याची उलटतपासणी सुरू केली. कोल्हापुरात म्हैस दारात आणून डोळ्यांदेखत धार काढून देतात, गवळ्याला पाणी घालायला वावच नसतो. मामा तरी आधी त्याची चरवी पालथी करून बघत, मग त्याला बाह्या वर करायला लावत, आणि एवढं होऊनही फेसाळ दुधाकडे बघत विचारत, "म्हशीला येताना पाणी पाजलंस की रं?" मीही त्यातून सुटलो नव्हतो. चार पेरू घेऊन गेलो, की पिशवीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघून म्हणत, "काय काम काढलंसा, जावईबापू?"

संस्थान विलीन झाल्याला दोनएक वर्षं झाली होती. मामांचा त्या बातमीवरही अजून पुरता विश्वास बसला नव्हता. त्या सुमारास मामींचे गुडघे धरले. मोरीत उकिडवं बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून मुंबईच्या मुलानं आईला उभ्यानं हाततोंड धुता यावं यासाठी गवतात गुंडाळून एक पांढरंशुभ्र बेसिन पाठवलं. मामींनी ते सगळ्या गल्लीला बोलावून दाखवलं. पण गवंडी म्हणाला, भिंत जुनी आहे, पाणी उडून पोपडे धरतील. आधी मागं चकचकीत टाइल बसवायची, मग बेसिन. टाइल निवडायचं काम मामांकडे आलं आणि बेसिन ओसरीवर खोक्यातच राहिलं. पुढं मामी त्यात कांदे ठेवू लागल्या.

लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानातून मामांनी नमुन्याच्या टाइली आणल्या. माठ घेताना वाजवतात तशी प्रत्येक टाइल कानाशी धरून वाजवून झाली. मागच्या खरबरीत बाजूला जीभ लावून झाली. दुकानातल्या दिव्याखाली काळंही पांढरं दिसतं म्हणून उन्हात नेऊन स्वतःच्या धोतराशी ताडून झाली. मग एका टाइलीवर ओली हळद, दुसरीवर रविवारचा तांबडा रस्सा थापून त्या दिवसभर उन्हात ठेवल्या. दोन्ही पुसल्यावर लख्ख निघाल्या, तेव्हा तर मामांचा संशय बळावला. "इतकी साधी दिसतीया म्हंजे आत कायतरी असणार," म्हणाले. भाव आणि माल ताडायला मोटारीनं जयसिंगपूरला जाऊन आले आणि तिथला व्यापारी ह्या दुकानदाराचाच पाहुणा-सोयरा असणार असं ठरवून परतले. शेवटी दुकानदारानं हात जोडले. "मामा, टाइल भिंतीला लावायची हाय, तिच्या घरात पोरगी द्यायची न्हाय."

असे तीन महिने गेले. मामी भिंतीला धरून धरून मोरीत बसत होत्या. मी एकदा टाइलींचं कुठवर आलं म्हणून विचारलं, तर हसून म्हणाल्या, "मला नका विचारू. मी त्या दुकानदाराला फितूर हाय असं वाटतंय त्यास्नी."

शेवटची परीक्षा पाण्याची होती. एक टाइल आठ दिवस मोरीतच भिजत ठेवायची, रंग उतरतो का बघायचं. पाचव्या दिवशी मी आणि मामा ओसरीवर बसलो असताना आत धप्प असा आवाज झाला. त्या टाइलीवर पाय पडू नये म्हणून मामी वळसा घालून जायला गेल्या होत्या आणि शेवाळावरून घसरल्या होत्या. आम्ही धावलो तर भिंतीला टेकून, डाव्या हातानं उजवं मनगट धरून बसलेल्या. मामांना बघून पहिला शब्द निघाला तो हा, "तुमची टाइल फुटली न्हाय न्हवं?"

मनगट मोडलं होतं. मला त्या दिवशी मामांचा मनापासून राग आला. काहीतरी लागेल असं बोलणारही होतो, पण त्यांचा चेहरा बघितला आणि टांगा आणायला धावलो.

प्लास्टर घालून मामींना घरी पोचवलं आणि मामा तडक दुकानात गेले, मी मागोमाग. दुकानदार सवयीनं नमुने मांडू लागला. मामा म्हणाले, "असू दे. कुठल्या बी द्या. आत्ता द्या." दुकानदारानं त्यांच्याकडे इतक्या संशयानं बघितलं, की मामांकडे तसं बघणारा तो पहिलाच असावा. मला बाजूला घेऊन त्यानं हळूच विचारलं, "मामांची तब्येत बरी हाय न्हवं?"

तिसऱ्या दिवशी बेसिन भिंतीवर चढलं. खालच्या ओळीतली एक टाइल सरळसरळ पिवळट होती. मला दारातून दिसली, तर मामांना दिसली नसेल हे अशक्य. आज बोलतील, उद्या बोलतील म्हणून मी महिनाभर वाट बघितली आणि शेवटी न राहवून त्यांना ती दाखवली. "त्या दिवशी बघाय सवड न्हवती," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून मामांनी त्या भिंतीकडे कधी बघितलं नाही. त्यांचा सगळा संशय खालच्या फरशीवर गेला. मामी बेसिनपाशी उभ्या राहिल्या, की हे फडकं घेऊन मागं हजर. थेंब पडला की पुसायचे, नाही पडला तरी पुसायचे. "अवो, कोरडी हाय," मामी म्हणायच्या. मामांचा विश्वास बसायचा नाही. वाकून तळहात फिरवून बघायचे.

पाच वर्षांनी मामी गेल्या. दिवसकार्य उरकल्यावर एका सकाळी मी सहज डोकावलो. हाक मारली, ओ आली नाही. आत गेलो तर मामा बेसिनपुढं गुडघे टेकून बसले होते आणि फरशी पुसत होते.

मी म्हटलं, "मामा, कोरडीच आहे हो."

त्यांनी तळहात फिरवून बघितला. "तुमचं काय खरं धरायचं, जावईबापू," म्हणाले, आणि पुन्हा पुसू लागले.