महालक्ष्म्यांचा कोपरा आणि दोन स्पीकर

गेल्या पावसाळ्यात आमच्या बैठकीत एकच खुर्ची होती. एवढं घर, आल्यागेल्याचा एवढा राबता, आणि बसायला एक खुर्ची. तीसुद्धा पाहुण्यासाठी न्हाय, ऐकणाऱ्यासाठी. कुणी आलं की आमचे मालक त्याला त्या खुर्चीत बसवायचे, "मान हलवू नका" म्हणायचे आणि गाणं लावायचे. बाकीचे भिंतीला टेकून उभे, न्हाव्याच्या दुकानात पाळीची वाट बघतात तसे. गाणं संपलं की दुसरा बसणार. चहा कुणी कुठं प्यायचा हे शास्त्रात दिलेलं नव्हतं.

हे सगळं पुण्याच्या लेकामुळं. त्यानं स्वतःला नवे स्पीकर घेतले आणि जुने आम्हाला भूमला पाठवले. पुण्यात जे जुनं होतं ते गावाकडं येतं, हा नियमच आहे. फ्रीज आला, मिक्सर आला, सुनेला नकोशा झालेल्या कुंड्या आल्या. पण त्या वस्तू मुकाट्यानं आल्या. स्पीकरबरोबर शास्त्र आलं.

आता आमचे मालक कोण, तर एसटीतून निवृत्त झालेले. स्टँडवरच्या खोलीत बसून जन्मभर कर्ण्यावरून गाड्या पुकारल्या. त्यांनी पुकारलेलं भूमच्या जनतेला कधी कळलं असंल असं मला तरी वाटत न्हाय. लोक आपले पाटी वाचून चढायचे. अशा माणसाला साठी उलटल्यावर स्वच्छ आवाज पाहिजे झाला.

लेकानं फोनवर सांगितलं, स्पीकर भिंतीला चिकटवायचे न्हायत, कोपऱ्यात कोंबायचे न्हायत. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा त्रिकोण झाला पाहिजे, तिन्ही बाजू सारख्या. झालं. मालकांनी सुतळी काढली. दिवाण त्रिकोणात यायला लागला म्हणून दिवाण पडवीत गेला. शोकेसची काच झणझणती म्हणून शोकेस स्वयंपाकघरात आली. म्हणजे मी भाकरी थापायची आणि समोर लेकानं शाळेत मिळवलेली ढाल आणि चिनीमातीचा ससा माझ्याकडं बघत बसायचे.

मी एकदा म्हटलं, "अहो, ती खुर्ची जरा सरकवली तर काय बिघडंल?"

"वीतभर सरकली तर गाणारी बाई मधनं उठून उजवीकडं जाती."

"जाऊ द्या की. बिचारी कधीची उभीच आहे."

हसले न्हायत. शास्त्र शिकणारा माणूस हसत नसतो.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण त्या त्रिकोणाचं एक टोक आलं नेमकं पूर्वेच्या कोपऱ्यापुढं, आणि तिथं आमच्या महालक्ष्म्या उभ्या राहतात. भाद्रपदात तीन दिवस येतात, त्याच कोपऱ्यात. सासूबाई होत्या तेव्हाही तिथंच. सोयरे आले, कुणी बाळंतीण असली, तरी तो कोपरा कधी हलवला न्हाय. मी ते बघून ठेवलं. म्हटलं, सण यायला अजून अवकाश आहे, तोवर हे वेड उतरंल.

वेड वर चढलं. अगदी माळ्यावर.

झालं असं, की स्पीकर कानाच्या उंचीला पाहिजेत असं लेकानं सांगितलं. मालकांनी पाट लावून बघितले, पत्र्याचे डबे लावून बघितले, काही जमंना. मी आठवडी बाजाराला गेलेली. परत येऊन बघते तर दोन्ही स्पीकर झोकात उभे, आणि कशावर? माळ्यावरनं काढलेल्या महालक्ष्म्यांच्या कोठ्यांवर! ज्यांना माहीत न्हाय त्यांच्यासाठी सांगते, कोठी म्हणजे कमरेएवढं पत्र्याचं पिंप. आत धान्य भरायचं, वर मुखवटा ठेवायचा, लुगडं नेसवायचं, की देवी उभी. या दोन कोठ्या म्हणजे आमच्या देवींचं अंग. त्यावर या माणसानं पेट्या ठेवल्या होत्या.

"उंची बघ कशी बरोबर आली," मला म्हणतात. "करणाऱ्यानं कान मोजूनच केल्यात जशा."

"आत गहू तरी भरलेत का? मोकळी कोठी उभी करत न्हायत."

"गहू हलका पडतो. गव्हाला बास, तो खालचा धमधम आवाज, पेलत न्हाय. वाळू भरली."

शेजारी बांधकाम चालू होतं, तिथनं दोन पाट्या वाळू आणून महालक्ष्मीच्या पोटात घातली! मी पिशवी तिथंच ठेवली आणि सांगितलं, "सणाच्या आत ह्या कोठ्या धुऊन, तो कोपरा मोकळा करून पाहिजे."

"यंदा देवी स्वयंपाकघरात बसवू."

"तिथं शोकेस आहे."

"मग आपल्या खोलीत."

"आणि हळदीकुंकवाच्या बाया पलंगावर बसवू का? अहो, वर्षानं माहेरवाशीण येणार, आणि तिला सांगायचं, बाई, तुझ्या जागेवर पेटी ठेवलीय, तू न्हाणीपाशी उभी राहा?"

"जागा मोजून बसवलीय मी ती. एकदा हलली की हलली."

दोन दिवस घरात बोलणं बंद. गाणं मात्र चालू.

त्यातच आमच्या थोरल्या जाऊबाई आल्या. दोन गल्ल्या सोडून राहतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन उद्यावर उद्या ढकलायल्यात. धूळ बसू नये म्हणून मालकांनी स्पीकरवर माझी जुनी इरकली लुगडी टाकलेली. जाऊबाईंनी दारात चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला, दोन्ही पेट्यांना हात जोडले आणि म्हणाल्या, "अगं, यंदा लवकर बसवल्या? मला निरोप न्हाय दिला ते?"

मी लुगडं काढून दाखवलं. त्यांनी जवळ जाऊन पेटी बघितली, खालची कोठी बघितली, आणि मालकांकडं वळल्या.

"भावजी, कान साफ करायचं औषध मिळतंय की दुकानात. सगळं घर कशाला साफ करायलात?"

"वहिनी, ह्यात शास्त्र आहे."

"असंल. पण कोपरा मिळत नसंल तर मी मुखवटे बासनातनं काढू देणार न्हाय. आन् यंदा भूममधल्या आपल्या घरी महालक्ष्म्या का न्हाय बसल्या, ते गल्लीगल्लीत तुम्ही सांगायचं. आवाज तर तुमचा चांगला आहे."

मालक डेपो मॅनेजरला कधी भ्याले न्हायत, पण वहिनीला भितात. वाळू उपसली. कोठ्या स्वतः घासल्या. स्पीकरच्या जागेवर तेवढ्या खडूनं खुणा करून ठेवल्या, सणानंतर परत लावायला. मी त्या खुणांवरनं रांगोळी काढली. मुद्दाम न्हाय. बरं, मुद्दाम.

महालक्ष्म्या आपल्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. मागं लुगड्यांचा पडदा, पुढं गव्हा-ज्वारीच्या राशी, फराळाची ताटं, खाली सतरंज्या. स्पीकर कुठंतरी ठेवायचे म्हणून दोन स्टुलांवर ठेवले, भिंतीला अगदी चिकटून. एक दारामागं अर्धा लपलेला. लेकानं सांगितलेला एक नियम पाळला असंल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला बाया लोटल्या. बैठकीत मुंगीला जागा न्हाय. मालकांनी बारीक आवाजात सनई लावली आणि सरबताचे रिकामे ग्लास ताटात गोळा करत आत निघाले. दारातच थांबले. ताट हातात तसंच.

"अहो, काय झालं?"

"तो श्वास घ्यायलाय."

"कोण?"

"सनईवाला. फुंकायच्या आधी श्वास घेतो, तो ऐकू यायलाय मला." एकदा या स्पीकरकडं बघितलं, एकदा दारामागच्याकडं. "कुणी काय हलवलंय का?"

"भावजी," जाऊबाई सतरंजीवरनं म्हणाल्या, "दारातनं सरका. वारा अडतोय."

तिसऱ्या दिवशी देवींना निरोप द्यायची वेळ आली तर मालक माझ्या मागंमागं. "आजच हलवायच्या का गं? एखादा दिवस ऱ्हाऊ दिल्या तर?"

"माहेरवाशीण तिसऱ्या दिवशी सासरी जाती."

"सासरचे एका दिवसानं काय म्हणणारेत?"

जाऊबाईंनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. ते सुपारी फोडायला बसले.

पडदा निघाला, राशी भरून ठेवल्या, सतरंज्या झटकल्या. मालकांनी रांगोळीखालच्या खुणा शोधून पुन्हा त्रिकोण लावला, खुर्चीत बसले, सनई लावली. भांड्यांच्या दुकानात मांजर शिरल्यासारखी वाजली. लेकाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, फरशी मोकळी, भिंती मोकळ्या, आवाज घुमणारच. कापड आणि माणसं आवाज पितात." हे त्यानं आधी का सांगितलं न्हाय, तर त्याच्या पुण्याच्या खोलीत सोफाच एवढा मोठा, की मोकळी फरशी म्हणून काही असती हे तो विसरलेला.

मालकांनी फोन ठेवला. मग उठले आणि पडवीतनं दिवाण एकट्यानं ओढत आत आणला. सतरंज्या पुन्हा अंथरल्या, स्पीकर पुन्हा सणातल्या जागी, भिंतीला लावले. जाऊबाईंच्या घरी जाऊन सांगून आले, "वहिनी, दुपारचं येत जा. एकट्या नका येऊ, चारदोघींना घेऊन या."

आता रोज बैठक भरती. आवाज शास्त्राप्रमाणं येतो म्हणतात. ऐकायला मात्र मिळत न्हाय, कारण बाया नुसतं आवाज पीत न्हायत, करतातही. एकीचा गुडघा, एकीची सून, एकीच्या म्हशीनं दूध चोरलेलं. मालक दिवाणाच्या कडेला बसून बोट वर करतात, "हे एवढंच ऐका, एवढंच!"

"ऐकायलोत की भावजी," जाऊबाई म्हणतात. "तुम्ही लावा. आम्ही काय मधी येतोय का?" आणि म्हैस पुढं चालू.

परवा लेकानं फोन केला, बासची एक मोठी पेटी जुनी झालीय, पाठवू का? कोपऱ्यात ठेवली की चांगली घुमती.

"नको," मालक म्हणाले. "कोपरा मोकळा न्हाय आमचा."

तेव्हा तो कोपरा रिकामाच होता. मी चहाचं आधण ठेवलं, कारण चार वाजत आले होते आणि मालक दोनदा गल्लीत डोकावून आले होते, बाया अजून निघाल्या कशा न्हायत म्हणून.