एका हाताचं बंडल

"शोभाताई, जबाबात एवढंच सांगा, की ती जेवणाच्या सुट्टीत स्वतःहून तिकडे गेली होती," मॅनेजर म्हणाला. सकाळचे अकरा वाजले होते. पॅकहाऊसच्या फाटकावर पोलिसांची गाडी उभी होती. माझ्याकडे काम करणाऱ्या मंजुळाला आदल्या दिवशीच पोस्टमॉर्टेमला नेलं होतं.

पिंपळगावात मी द्राक्षांच्या पॅकहाऊसना बायका पुरवते. लेबर कॉन्ट्रॅक्टर. आधी मीही त्याच टेबलावर उभी राहून घड साफ करायचे. पुढे भांडून, घासाघीस करून स्वतःची टोळी उभी केली. माझ्या बायका पेठ तालुक्यातल्या, हंगामापुरत्या इथे खोल्यांवर राहतात. घडातले खराब मणी काढायचे आणि घड प्लास्टिकच्या छोट्या डब्यांत भरायचे, हे त्यांचं काम. डबे किंवा पॅकिंगचा कागद संपला, की मागच्या पत्र्याच्या शेडमधून आणायचा. ते स्टोअर.

मंजुळा त्या स्टोअरमध्येच सापडली. अत्याचार करून गळा आवळला होता. भर दुपारी, आम्ही सगळे पलीकडच्या हॉलमध्ये असताना. मशीनच्या आवाजात कुणाला काही ऐकू आलं नाही. स्टोअरकीपरला पोलिसांनी संध्याकाळीच उचललं. गोड बोलणारा माणूस. मला पाहिलं की खुर्ची पुढे करायचा. माझा विश्वासच बसेना.

मी मॅनेजरला म्हटलं, "सुट्टीत कशी? सुट्टी संपली होती. मीच पाठवलं तिला, कागद आणायला."

त्याने केबिनचं दार लावलं. "कामाच्या वेळेत म्हटलं की कंपनी अडकते. कंपनी अडकली की तुमचं कॉन्ट्रॅक्टही गेलं. शिवाय त्या दोघांचं काहीतरी होतं म्हणे."

"कोण म्हणे?"

"सगळेच."

मी त्याला नको ते बोलून बाहेर पडले. पण खरं सांगते, बाहेर आल्यावर मीही विचारात पडले. पुढच्या हंगामाची बोलणी अर्ध्यावर होती. एका वाक्याने सगळं वाचणार होतं. आणि त्या दोघांचं खरंच काही असतं, तर ते वाक्य बोलणं मला सोपं गेलं असतं.

म्हणून मी खोल्यांवर गेले. यमुनाबाई टोळीतली सगळ्यात जुनी. ती मंजुळाचे कपडे पिशवीत भरत होती.

"यमुनाबाई, खरं सांग. त्यांचं काही होतं का?"

तिने मान वर केली नाही. "काय असनार? त्याचे हात कसेत, साऱ्या बायांना ठावं. म्हनून तर आमी दोघी-दोघी जायचो स्टोअरला."

"त्यासाठी जायचात?"

"मंग? कागूद जड असतो म्हनून?"



ती पद्धत मीच मोडली होती, तीन आठवड्यांपूर्वी. मॅनेजरशी ओढाताण करताना मी शब्द दिला होता, कमी बायकांत तेवढाच माल काढून देईन. दुसऱ्या दिवशी टेबलाजवळ उभी राहून ओरडले, "एका हाताचं बंडल आणायला दोन-दोन बायका? यापुढे एकीनेच जायचं!" मंजुळा हसून म्हणाली होती, "मग ताई, तुम्हीच चला जोडीला." मी म्हटलं होतं, "लई तोंड चालतंय तुझं. हात चालव."

"मला सांगितलं का नाही कुणी?" मी यमुनाबाईवरच डाफरले.

"कशाला सांगायचं? तुमी त्याच्यासंगं च्या पीत व्हत्या. मागं एकीनं सुपरवायझरला सांगितलं, तर दुसऱ्या दिशी तिलाच घरी धाडली. तवापासून सांगायचं सोडलं आन् जोडीनं जायला लागलो."

माझ्या वेळीही असा एक माणूस होता. तेव्हा आम्हीही त्याच्या टेम्पोत पुढे एकटं बसायचो नाही. ते कुणी शिकवलं नव्हतं. कॉन्ट्रॅक्टर झाल्यावर मला बायका दिसेनाशा झाल्या, नुसते हात दिसू लागले.

पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारलं, "ती एकटीच का गेली?"

"मी पाठवलं म्हणून. कामाच्या वेळेत. त्याआधी बायका दोघी-दोघी जायच्या, ते मी बंद केलं." घरी धाडलेल्या बाईचंही सांगितलं.

साहेबांनी पेन थांबवलं. "हे असंच लिहू? तुमच्यावरही येईल, मॅडम."

"लिहा."

त्या आठवड्यात गावात दोनच वाक्यं ऐकू येत होती. एक, तो राक्षस होता. दुसरं, तीही तसलीच असेल. दोन्ही सोयीची. तो राक्षस ठरला की आम्ही बाकीचे सुटतो. ती तसली ठरली की तोही सुटतो. तक्रार करणारीलाच घरी धाडणारा सुपरवायझर, दार लावून बोलणारा मॅनेजर आणि मी, आम्हाला या दोन्ही वाक्यांत जागा नव्हती.

माझं कॉन्ट्रॅक्ट आठवड्यात गेलं. मॅनेजर अजून त्याच खुर्चीत आहे, आणि रस्त्यात दिसला की माझं डोकं आजही फिरतं. केस उभी आहे. तारखेला मी साक्षीला जाते. मंजुळाची आई कोर्टाच्या बाकावर बसलेली असते. ती माझ्याशी बोलत नाही. बोलावं असं मीही म्हणत नाही.

आता दुसऱ्या पॅकहाऊसना बायका देते. कामाचं बोलण्याआधी तिथल्या जुन्या बायकांबरोबर भाकरी खायला बसते आणि विचारते, इथे कुणाजवळ एकटीने जायचं नाही? भाकरी संपेपर्यंत एक नाव निघतं. निघालं नाही, असं एकही पॅकहाऊस मला अजून भेटलेलं नाही.