दोन कॅलेंडरं आणि बिननवरीचं लग्न

तुम्ही लग्नं लई पाहिली असतील. पण नवरी नाय, नवरदेव नाय, वऱ्हाड नाय आणि बँड मात्र जोरात चालू, असं लग्न पाहिलंय का कधी? मी लावलंय. चहा घ्या, सांगतो.

माझा दादा वेबसाइट बनवायचा. औरंगपुऱ्यात एका जिन्याखाली त्याचं टेबल. चार महिन्यांपूर्वी अपघातात गेला. घरचे म्हणाले, लॅपटॉप विकून टाकू. मी म्हणालो, "खबरदार! दादाचं काम मी चालवणार!"

मी कोण? नववी नापास, गॅरेजवाला. दादाच्या शेजारी बसून चार गोष्टी पाहिल्या होत्या, तेवढं शिक्षण!

गिऱ्हाईक उरलं होतं एकच. फुलंब्री रोडवरचं आप्पांचं मंगल कार्यालय. त्यांच्या साइटच्या तळाला बारीक अक्षरांत दादाचं नाव होतं. आप्पांनी दुसरा माणूस धरला, की ते पुसलं जाणार. तेवढं मला होऊ द्यायचं नव्हतं.

साइटचे तीन भाग. हॉल, जेवण आणि बँड. तारीख निवडायचं कॅलेंडर दादानं वेगळं बनवून ठेवलेलं, तेच या भागांना जोडायचं. पण पाहतो तर कॅलेंडरं दोन! हॉल आणि बँडला जुनं, जेवणाला नवं.

आता तुम्हीच सांगा, गॅरेजात नवा पार्ट बसला की जुन्याचं काय करतात? भंगार! एका गाडीला दोन पिढ्यांचे ब्रेक कोण ठेवतं? मी जुनं कॅलेंडर उडवलं आणि तिघांना नवंच जोडलं. साइट उघडून पाहिली. झकास! दादाला दाखवावंसं वाटलं.

महिनाभर सगळं गपगार. मग एप्रिलात एका सकाळी आप्पांचा फोन.

"सुन्या, आधी इकडं ये! आज लग्न हाय आणि वऱ्हाडच आलं नाय!"

गेलो. हॉल सजलेला, स्टेजवर दोन लाल खुर्च्या आणि दारात बँड वाजतोय. ऐकायला वॉचमन आणि दोन कुत्री.

"मास्तर, थांबा की!" आप्पा ओरडले.

"बुकिंग सकाळी दहाचं हाय," बँडमास्तर म्हणाले. "नवरदेव येवो न येवो, आम्ही येळेवर."

जेवणाचाही पत्ता नव्हता. आप्पांनी शहागंजच्या इम्रानभाईंना फोन लावला. जेवणाचं बुकिंग त्यांच्याकडं जायचं.

"आप्पा, क्या बात करते? वो तो अगले महिने की बारा तारीख को है. अभी तो चावल भी नहीं लिया!"

इथं शहाण्या माणसानं थांबून विचार केला असता. मी? माझं डोकंच सटकलं. दादाची साइट चुकेल? शक्यच नाय! मी आप्पांच्या हातातून फोन ओढला आणि थेट नवरीच्या बापाला लावला.

"मामा, कुठं आहात? मुहूर्त टळतोय!"

"कशाचा?"

"तुमच्या पोरीच्या लग्नाचा!"

"ते मे महिन्यात हाय बाबा. पोरगी झोपलीय अजून."

"उठवा तिला! कॉम्प्युटरात आजची तारीख आहे!"

"पोरगी माझी हाय का कॉम्प्युटरची?"

"तुम्ही पत्रिका बघा, पत्रिका!"

"छापल्यावर बघतो!"

त्यांनी फोन आपटला. बँडही थांबला. आप्पा हळूच म्हणाले, "सुन्या, तुला झेपत नसंल तर सांग. दुसरा माणूस बघतो मी."

नवरीच्या खुर्चीत बसलो, मांडीवर लॅपटॉप घेतला आणि उडवलेलं जुनं कॅलेंडर कचऱ्यातून परत काढलं. दोन्हींवर मे निवडून पाहिला. जुनं म्हणालं, पाच. नवं म्हणालं, चार! कारण नवं जानेवारीला शून्य धरतं. जेवणाच्या भागाला ते ठाऊक होतं, तो एक मिळवून घ्यायचा. हॉल आणि बँड बिचारे जुन्या हिशोबाचे. चार म्हटल्यावर त्यांनी एप्रिल धरला.

म्हणजे दोन्ही कॅलेंडरं एकाच वेळी लागतच होती. ज्याला जे समजतं, त्याला ते.

जुनं परत जोडलं. मधल्या काळातल्या आणखी दोन बुकिंगवाल्यांना फोन करून तारखा सरळ केल्या. नवरीच्या बापाची माफी मागितली. म्हणाले, "लग्नाला ये. पण तारीख मला इचारून ये."

आप्पा हसले. "राहू दे साइट तुझ्याकडंच. पण हे तुझ्या दादानं कुठं लिहून नव्हतं का ठेवलं?"

"नाय हो आप्पा," मी छाती पुढं काढून म्हणालो आणि दाखवायला जुन्या कॅलेंडरची फाइल उघडली. पहिलीच ओळ आप्पांनी मोठ्यानं वाचली:

"हॉल आणि बँडला हेच लागतं. सुन्या, तुझ्यासाठीच लिहितोय. जुनं दिसतंय म्हणून उडवू नको."

बँडवाले हसले, वॉचमन हसला. मीही हसलो, मग डोळे पुसले. चार महिन्यांनी दादा माझ्यावर ओरडला होता.

त्याच्या ओळीखाली, एका बोटानं, मी टाइप केलं: "दादा, उडवलं."