कच्चं दाखवायचं नसतं

आमच्या गल्लीत एडिटिंगला एडिटिंग म्हणत नाहीत, मिक्सिंग म्हणतात. लग्नाचं शूटिंग झालं की ते मिक्सिंगला जातं, आणि ज्याच्याकडे जातं त्या माणसालाही सगळे मिक्सिंगच म्हणतात. त्याचं खरं नाव लाइटबिलावर असेल. पोरंटोरं त्याला मिक्सिंगकाका म्हणतात, मोठी माणसं नुसतं मिक्सिंग, आणि त्याची आई बाळ्या. बाळ्याचं अर्धं डोकं पांढरं झालंय, ही गोष्ट आईच्या कानावर अजून कुणी घातलेली नाही.

दुसऱ्यांची लग्नं चिकटवता चिकटवता त्याचं स्वतःचं राहून गेलं. दोन खोल्यांत तो आणि आई. आतल्या खोलीत एका भिंतीला आईची खाट आणि दुसऱ्या भिंतीला त्याचं टेबल. टेबलावर स्क्रीन आणि खाली जमिनीवर कॉम्प्युटरचा डबा. डबा म्हणजे त्याचं पोट. त्यातले पंखे सुरू झाले की शेजारी आमच्याकडे कळायचं, की कुणाचं तरी लग्न शिजत पडलंय.

कारागीर मात्र पक्का. हॉलमध्ये ज्या दोन व्याह्यांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या, ते मिक्सिंगच्या फिल्ममध्ये गळाभेट घेताना दिसतात. फक्त जरा हळू. ‘स्लो मोशन आणि वर व्हायोलिन,’ तो म्हणायचा, ‘एवढ्यावर अर्धे संसार उभे आहेत.’ लोकांचं मूळ बोलणं तो बहुधा पुसूनच टाकायचा. लग्नात माणसं बोलतात काय? पंखा लावा, चपला कुठे गेल्या, जेवून घ्या. त्यावर व्हायोलिन पसरलं की सगळं कसं झाकपाक.

आणि धंद्यातला एक नियम तो देवाच्या शपथेसारखा पाळायचा, कच्चं दाखवायचं नाही. उमेदवारीच्या काळात एकदा त्याने एका वधूपित्याला आग्रहाखातर जसंच्या तसं शूटिंग दाखवलं होतं. त्यात कॅमेरा चालूच राहिल्यामुळे बराच वेळ मिक्सिंगचे बूट दिसत होते, आणि मागून वधूपित्याचा सख्खा भाऊ जेवणाला नावं ठेवत होता. ते घर त्या दिवशी फुटलं. तेव्हापासून मिक्सिंग सांगायचा, कणीक मळलेली कुणी पाहुण्यांना वाढतं का?

त्याला एकच बहीण, त्याच्याहून मोठी. बाप लवकर गेल्यावर तिनेच त्याला हाताशी धरून वाढवलेलं. तिचा नवराही नाही, एकुलती एक मुलगी. ताईच्या पोटात गाठ निघाली आणि ती हॉस्पिटलात गेली ती तिथलीच झाली. डॉक्टरांनी भाचीला बाजूला घेऊन सांगितलं, काही शुभकार्य मनात असेल तर उरकून घ्या. भाचीचं जमलेलं होतंच. चार माणसांत नोंदणी कार्यालयात लग्न झालं. ताईला खाटेवरून हलवायची परवानगी नव्हती, म्हणून मुलीचं लग्न तिला दिसणार होतं ते फक्त भावाच्या कॅमेऱ्यातून.

लग्नाच्या आदल्या दिवशी तिने त्याला जवळ बसवून घेतलं.

“मला नीट दाखव हं,” ती म्हणाली. “घाईत उरकल्यासारखं वाटू नये, एवढं बघ.”

मिक्सिंगने ते शब्द गाठीला बांधले, आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला.

कारण लग्न खरोखरच घाईत उरकलं होतं. पिवळट भिंतीची खोली, पत्र्याचं कपाट, जेवायची सुट्टी चुकू नये म्हणून घड्याळाकडे बघणारा साहेब. भाचीने सही करायला घेतली तर पेन चालेना, ती खुदकन हसली, नवऱ्यामुलाने खिसे चाचपले. सगळं अर्ध्या तासात आटोपलं. त्यातून मिक्सिंगला राजवाडा उभा करायचा होता. त्याने कपाट अंधारात घालवलं, भिंतीला सोनेरी केलं, साहेबाला कापलं. भाचीचं प्रत्येक पाऊल इतकं हळू केलं की दारापासून टेबलापर्यंत यायला तिला एक अख्खं व्हायोलिन पुरलं. पंख्याची घरघर, साहेबाचा खोकला, पेनाची भानगड सगळं पुसलं. फिल्म सुंदर झाली. आता राहिलं होतं फक्त रेंडर.

रेंडर म्हणजे हे सगळे तुकडे, रंग, गाणी एकजीव करून एकच फिल्म बाहेर काढणं. त्याला तासन्तास लागतात. तोवर डबा तापतो, पंखे ओरडतात आणि माणसाने त्याला बोटसुद्धा लावायचं नसतं. मिक्सिंग दुपारी रेंडर लावून हॉस्पिटलात ताईपाशी जायचा. संध्याकाळी यावं तर डबा बंद. स्क्रीन काळी. चूक काय झाली ते सांगणारी एक ओळसुद्धा नाही. पुन्हा लावावं, पुन्हा तेच. कधी सहीपाशी मरायचा, कधी पेढ्यापाशी.

आमच्या नाक्यावर दुरुस्तीवाला आहे. तो म्हणाला, काही न बोलता बंद पडतोय म्हणजे एकतर ताप नाहीतर वीज. त्याने डबा उघडून धूळ काढली. पंखे बदलले. वीज पुरवणारा भाग बदलला. मेमरीच्या पट्ट्या एकेक काढून घालून बघितल्या. मग दुकानात लावून तेच रेंडर दिवसभर चालवलं, आणि दुकान बंद करायच्या वेळेपर्यंत डबा निमूट चालला, शेवटाला येऊन ठेपला होता.

“डॉक्टरकडे आणलं की पोर खेळायला लागतं, तसं आहे हे,” दुरुस्तीवाला म्हणाला. “इथेच राहू दे. उद्या पूर्ण करून देतो.”

मिक्सिंग तयार झाला नाही. रात्रीतून त्याला भाचीच्या चेहऱ्यावरचा उजेड खटकला होता, तो बदलायचा होता. आणि दुसऱ्याच्या चुलीवर आपला स्वयंपाक होत नाही, असंही काहीतरी बोलला. तुकड्यातुकड्यांनी काढ म्हटलं तर जोड दिसतील म्हणाला. दर्जा कमी करून काढ म्हटलं तर त्याने दुरुस्तीवाल्याकडे असं पाहिलं, की जणू ताईला उष्टं वाढायला सांगितलं.

घरी आणला, बंद पडला. दोष घरच्या विजेचा ठरला, ती कमी-जास्त होऊ नये म्हणून बॅटरीचं खोकं आलं. तरी बंद. एकदा सकाळपासून स्वतः खुर्ची टाकून समोर बसला. डबा अर्ध्याच्या पुढे छान गेला. तेवढ्यात वॉर्डातून फोन आला, ताईला श्वास लागलाय. तो तसाच चपला अडकवून पळाला. परत आला तर डबा बंद.

तिकडे ताई रोज विचारायची, झालं का रे? तोही रोज म्हणायचा, शेवटचा हात फिरवतोय. ती उशीला टेकून बसायची ती हळूहळू नुसती पडून राहायला लागली. औषधांची गुंगी वाढली. भाची एकदा त्याला जिन्यात म्हणाली, “मामा, असेल तसं दाखव ना. माझ्या फोनवर कच्चंच टाकून दे.”

“कच्चं दाखवायचं नसतं गं,” तो म्हणाला. “तिने माझ्याकडे एवढी एकच गोष्ट मागितलीय.”

भाची वॉर्डात परत गेली. मामाच्या हट्टापुढे तिच्या आईचंही कधी चाललं नव्हतं.

एके दुपारी त्याने रेंडर लावलं, निघाला, आणि ताईच्या औषधाची चिठ्ठी विसरली म्हणून कोपऱ्यावरून परत फिरला. दार लोटून आत आला तर आई जमिनीवर बसलेली. डब्याला तिने आपली जाड लोकरीची शाल चारी बाजूंनी घट्ट गुंडाळली होती, वरून आपलं पांघरूण टाकलं होतं, आणि ती त्याला थोपटत होती.

“हळू,” ती म्हणाली. “आत्ताच घोरायला लागलाय.”

आईचं डोकं गेली काही वर्षं कधी इथे तर कधी तिथे असायचं. ताई आजारी असल्याचं तिला सांगितलं तरी ते टिकायचं नाही. ताई फार दिवसांत फिरकली नाही, एवढंच ती रोज पुटपुटायची. मागे एकदा काम चालू असताना तिने ओल्या फडक्याने कीबोर्ड पुसला होता, तेव्हा मिक्सिंगनेच तिला समजेल अशा भाषेत सांगितलं होतं, ‘आई, मी त्याला झोपवलंय, हात लावू नकोस.’ आईने ते शब्दाला शब्द पाळलं होतं. झोपवलेल्याला उघडं ठेवतात होय? घोरणं सुरू झालं की ती पांघरूण घालायची. तापून डबा बंद पडला, घोरणं थांबलं, की उठला म्हणून पांघरूण काढायची आणि घडी करून खाटेवर ठेवायची. तिच्या हिशेबात एवढंसंही चुकलं नव्हतं.

मिक्सिंग ओरडला नाही. चिठ्ठी विसरून दारातच उभा राहिला. मग खाली बसून त्याने शाल सोडवली. पत्र्याला हात लावला तर चटका बसला.

“काढू नकोस रे बाळ्या, गारठेल.”

“ताप आहे त्याला आई,” तो म्हणाला. “तापात पांघरूण घालत नाहीत.”

आईला ते लगेच पटलं. मग ती म्हणाली, “पाण्याच्या पट्ट्या ठेवू का कपाळावर?” आणि भांडं आणायला उठलीसुद्धा. त्या दिवशी मिक्सिंग हॉस्पिटलात गेला नाही. आई आणि डबा यांच्यामध्ये खुर्ची टाकून बसून राहिला. मध्यरात्र उलटल्यावर फिल्म निघाली. एकही फ्रेम अडखळली नाही.

सकाळी दुरुस्तीवाल्याचा लॅपटॉप मागून घेऊन तो वॉर्डात पोचला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. भाची खाटेशी होती. ताईचे डोळे मिटलेले होते. ‘कालपासून उघडत नाहीये,’ भाची म्हणाली, ‘पण ऐकते सगळं.’ त्याने ताईच्या कानाशी वाकून सांगितलं, ताई, आणलीय गं. तिने मान किंचित हलवली. त्याने लॅपटॉप तिच्या चेहऱ्यासमोर धरला, उजेड नीट पडावा म्हणून जरा तिरपाही केला. सवयच ती. ताईच्या पापण्या थरथरल्या, पण उघडल्या नाहीत.

व्हायोलिन सुरू झालं. सोनेरी भिंतीसमोरून भाची हळूहळू चालत येऊ लागली. वॉर्डात पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बघायला लागली. मिक्सिंगने आवाज वाढवला. व्हायोलिन संपलं, दुसरं सुरू झालं. ताई कान देऊन ऐकत होती, कपाळाला आठी घालून, गर्दीत कुणाची हाक शोधावी तशी.

बऱ्याच वेळाने तिचे ओठ हलले. भाचीने कान जवळ नेला, पण त्यालाही ऐकू आलं.

“गाणं छान आहे,” ताई म्हणाली. आणि मग, “पोरगी काही बोलतच नाही रे.”

मिक्सिंगने लॅपटॉप मिटला. भाचीकडे न बघता म्हणाला, आलोच. भाचीने आईचा हात धरून सांगायला सुरुवात केली होती, आई, आता मी सही करतेय बघ, आणि पेनच चालत नाहीये. पण तिचा आवाज लग्नातल्या पोरीसारखा वाटत नव्हता.

तो धावतपळत घरी आला. कच्चं शूटिंग लॅपटॉपवर उतरवून घ्यायला काही तास लागत नाहीत, रेंडर नाही की काही नाही. आई काहीबाही विचारत होती, तो हो हो करत राहिला. परतीच्या बसमध्ये त्याने लॅपटॉप मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, असं त्याला पाहिलेल्याने मला सांगितलं.

भाची वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. आत पडदा ओढलेला होता. त्याला काही विचारावं लागलं नाही.

तो तिच्या शेजारी बसला. मग भाचीनेच लॅपटॉप ओढून घेतला आणि कच्चं सुरू केलं. पत्र्याचं कपाट, वाकडा कॅमेरा, साहेबाचा खोकला. डोक्यावरच्या पंख्याची घरघर इतकी, की त्यात माणसांचं बोलणं अर्धंमुर्धंच वर येत होतं. तिचं हसू आलं. ‘अगं बाई, पेन मेलं,’ ती त्यात म्हणत होती. एवढंच सलग ऐकू येत होतं, बाकी सगळा पंखा.

भाचीने ते थांबवलं.

“मामा, एवढ्या आवाजात हे तिला कळलं असतं का रे?”

त्याला ‘नाही’ म्हणता आलं असतं. पंखा होताच तसा, नाही म्हटलेलं तिलाही पटलं असतं, त्यालाही.

“कळलं असतं,” मिक्सिंग म्हणाला.