रमाच्या चार ओळी

कमलताई ढमढेऱ्यांचा लॅपटॉप व्हायरसने गेला नाही की हातातून पडूनही गेला नाही. तो पूजेत गेला. त्यांचे यजमान तुकोजीराव यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. त्यांची एक तलवार अजून घरात आहे, म्हणून मल्हारगंजातल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दर खंडेनवमीला शस्त्रपूजा होते. आता लढायला कोणी जात नाही, तेव्हा तलवारीशेजारी पाटावर पाना-पक्कड, शिवणाची कात्री, स्कूटरची किल्ली अशी मंडळी बसतात. यंदा तुकोजीरावांच्या मनात आलं की बायकोचं खरं हत्यार म्हणजे तिचा लॅपटॉप. मिटलेल्या हत्याराची पूजा कशी करायची, असं म्हणत त्यांनी तो उघडून ठेवला, कीबोर्डावर हळदकुंकू वाहिलं आणि पळीने पाणी सोडलं. एक पळी नव्हे, तीन. भक्तीत त्यांचा हात नेहमीच सैल असतो.

बायकोचं हत्यार ही गोष्ट मात्र खोटी नव्हती. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटरची नोकरी करून निवृत्त झाल्यावर कमलताई मंगलाष्टकं रचू लागल्या. इंदूरच्या मराठी घरात लग्न ठरलं की हॉल बघायच्या आधी कमलताईंना फोन जातो. मुलीचं नाव, मुलाचं नाव, आज्या-आजोबा, कुलदैवत, कोणाला विसरलं तर कोण रुसेल, हे सगळं विचारून घेऊन त्या ते वृत्तात बसवतात आणि लग्नात स्वतः खड्या आवाजात म्हणतात. शार्दूलविक्रीडिताच्या ओळीत एकोणीस अक्षरं, म्हणजे एकोणीस. वीस झालेलं कोणी दाखवून द्यावं, असं त्या म्हणत आणि आजवर कोणी दाखवलं नव्हतं.

लॅपटॉप गेला तसा पुण्याच्या मुलाने दिवाळीआधी नवा पाठवून दिला. सून आर्या इंदुरातच एका कंपनीत नोकरी करते, म्हणून ती यांच्याकडेच राहते. तिने सगळं सुरू करून दिलं. घरच्यांच्या लेखी विषय संपला होता. कमलताई मात्र जुनं धूड कपाटातून बाहेर काढून पुन्हा पुन्हा त्याच्याकडे बघत बसत.

त्याचं कारण रमा.

रमा त्यांची मैत्रीण, वयाने वीस वर्षांनी लहान. भंवरकुआं भागात कोचिंग क्लासच्या पोरांसाठी तिची मेस होती. रोज सकाळी साडेसातच्या आत साठ डबे बाहेर पडत. नवरा लवकर गेलेला, पदरी एकच मुलगी, क्षितिजा. चार वर्षांपूर्वी दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात रमाने कमलताईंच्या हातात एक कागद ठेवला. "ताई, क्षितिजाच्या लग्नात म्हणायला मी चार ओळी लिहिल्यात. मला ते मीटर-बीटर जमत नाही, तुम्ही बसवा. पण तिला आत्ता नका सांगू हं. लग्नाच्या दिवशीच कळू द्या." रमा दवाखान्यातून परत आली नाही. आता मार्गशीर्षात क्षितिजाचं लग्न होतं, आणि त्या ओळी जगात फक्त त्या लॅपटॉपात होत्या.

कागद कुठे गेला, असं कोणी विचारील. कमलताई पक्क्या इंदोरी. ओला कचरा, सुका कचरा यात त्यांच्याकडून एक कांद्याचं सालही इकडचं तिकडे होत नाही. मजकूर टाइप झाला की कागद सुक्या कचऱ्यात, हा त्यांचा शिरस्ता. एकच गोष्ट घरात दोनदा कशाला, असं म्हणत त्यांनी रमाचा कागदही दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीत टाकला होता. आता हे आठवलं की त्या स्वतःलाच दोन द्याव्यात अशा चिडत.

त्यांना त्यातली एकच ओळ तोंडपाठ होती. *कन्या सद्गुणमंजिरी विनयिनी, लावण्यगंगा जणू.* पुढचं काही केल्या आठवेना.

शेवटी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तुकोजीरावांनी, पुरुष अशा वेळी करतात तसा, झटपट तोडगा काढला. "अगं, एक ओळ आहे ना? बाकीच्या तीन तू अर्ध्या तासात लिहिशील. रमावहिनींच्या म्हणून म्हण. कोण बघायला येतंय?"

"मी बघणार ना," कमलताई म्हणाल्या. "अहो, मेलेल्या बाईच्या नावावर माझं सामान खपवू? आणि ती पोर जन्मभर ते आईचं म्हणून उराशी धरणार. मला नाही जमणार. ते आत आहे आणि मी ते काढणार."

दुसऱ्या दिवशी त्या लॅपटॉप पिशवीत घालून जेल रोडवर ऋषभच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. ऋषभने मागचं झाकण काढलं आणि आत वाकून बघितलं.

"आंटीजी, इसमें कुंकू कैसे आया?"

"पूजा केली होती."

"इसकी?"

"ते सोड ना भिया. होईल का नीट?"

"बोर्ड तो गया. इसका कुछ नी हो सकता. ई-वेस्ट में दे दो."

पण कमलताईंचं लक्ष एका कोपऱ्यात होतं. तीस वर्षं तारांच्या जंजाळात काढलेल्या बाईला एवढं कळतं की यंत्र बंद पडलं म्हणजे त्यातला प्रत्येक भाग मेला असं नाही. त्या कोपऱ्यात वेगळ्या खणात एक चपटी पेटी होती. तिच्यापर्यंत ना पाणी पोचलं होतं ना कुंकू. ती हार्ड डिस्क, आणि लिहिलेलं सगळं तिच्यात असतं, हे ऋषभने सांगितलं. मग त्यानेच आतून पत्त्याच्या कॅटइतकी एक काळी डबी आणली, बाहेर वायर असलेली. दुकानात तिला केसिंग म्हणतात. जुनी डिस्क तिच्यात बसवायची, वायर नव्या लॅपटॉपला जोडायची, की पेन ड्राइव्हसारखी चालते. "मैं लगा दूँ?" तो म्हणाला.

"नको. दाखव फक्त. मी घरी लावते." का, ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. आपल्या हाताने हरवलेलं आपल्या हातानेच काढावं, असं काहीसं असावं.

घरी जेवणाच्या टेबलावर त्यांनी पांढरा पंचा पसरला, चष्मा पुसला आणि बारीक स्क्रू एका वाटीत काढले. डिस्क सरळ वर उचलायची नाही, बाजूला सरकवून खाचेतून सोडवायची, हे ऋषभने दोनदा सांगितलं होतं. ती सुटली. केसिंगमध्ये दात जुळवून हळूच दाबली तेव्हा टक् करून बसली. तुकोजीराव शेजारी उभे राहून न मागितलेले सल्ले देत होते आणि त्यांना तिथून हलवणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं.

वायर जोडली. डबीवरचा निळा दिवा लागला, आत काहीतरी टकटक करू लागलं आणि पडद्यावर इंग्रजीत एक पाटी आली: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?

"विचारतोय तर हो म्हण ना," असं म्हणत तुकोजीरावांनी माऊसला हात घातला.

कमलताईंनी त्यांचं मनगट धरलं. असं त्यांनी लग्नानंतरच्या चव्वेचाळीस वर्षांत धरलं नव्हतं. "हात काढा," त्या शांतपणे म्हणाल्या. फॉरमॅट म्हणजे काय ते त्यांना नक्की ठाऊक नव्हतं. पण यंत्र एवढ्या अदबीने विचारतं तेव्हा बहुधा पुसून टाकायचंच विचारत असतं, एवढा त्यांना संशय होता. संध्याकाळी कामावरून आल्यावर आर्यानेही मान हलवली. "आई, यस केलं असतं ना, तर सगळं साफ झालं असतं. पण ती टकटक चांगली नाही वाटत. डिस्क बहुतेक गेली. आता सोडून द्या ना, प्लीज. एवढं काय आहे त्यात?"

एवढं काय आहे ते सुनेला सांगायचं नव्हतं. आर्या आणि क्षितिजा गळ्यात गळे घालणाऱ्या मैत्रिणी. या कानाचं त्या कानाला व्हायला किती वेळ? तेव्हा कमलताईंनी नुसतं "बघू" म्हटलं आणि सकाळपर्यंत विचार केला. एक्सचेंजमध्ये लाइन खरखरली की नव्या पोरी घाबरून सरळ इंजिनिअरला बोलवायच्या. कमलताई आधी कॉर्ड बदलायच्या. दहातल्या आठ वेळा दोष कॉर्डमध्येच निघायचा. यंत्राला दोष देण्याआधी तार बदलावी, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा जेल रोडवर हजर. "ऋषभजी, दुसरी वायर द्या. जाड."

ऋषभ हसला, मग विचारात पडला. "हो सकता है. पुरानी डिस्क को पावर कम पड़ता होगा." त्याने दोन तोंडांची केबल शोधून दिली. ती लॅपटॉपच्या दोन खाचांत लावायची, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून वीज मिळते.

या वेळी टकटक झाली नाही. बारीक गुणगुण ऐकू आली आणि पडद्यावर पिवळ्या फोल्डरांची रांग लागली. कमलताईंच्या नावाचं फोल्डर उघडायला गेल्या तर यंत्र म्हणालं, तुम्हाला परवानगी नाही. "माझ्याच घरात?" त्या पुटपुटल्या. रविवार असल्याने आर्या घरीच होती. तिने दाखवलं तिथे दाबून त्या अर्धा तास हिरवी पट्टी सरकताना बघत राहिल्या. चहा गार झाला. आर्या आ वासून सासूकडे बघत होती. "मान गए, आई," ती म्हणाली.

आर्या आंघोळीला गेल्यावर त्यांनी 'क्षितिजा' शोधलं. फायली दोन निघाल्या. कमलताईंची पद्धतच तशी होती. घरच्यांनी दिलेला मजकूर आधी जशाच्या तसा 'कच्चं' मध्ये उतरवायचा आणि मग वृत्तात बसवलेला 'पक्कं' मध्ये ठेवायचा. त्यांनी 'पक्कं' उघडलं. सद्गुणमंजिरी होती, लावण्यगंगा होती, पुढे कुलदीपिका आणि सौभाग्यलेणं. सगळं एकोणीस अक्षरांत चोख. त्यांचा ऊर भरून आला. मिळालं.

मग केवळ रमाची आठवण म्हणून त्यांनी 'कच्चं' उघडलं.

*साठ डब्यांच्या घाईत तुझी वेणी रोज मी कशीबशी घातली,*
*ओढलं जोरात तरी आई गं म्हणाली नाहीस, गुपचूप शाळेत गेलीस.*
*आता कसली घाई नाही बाळा, आज सावकाश नट,*
*मी मागेच उभी आहे असं समज, कुर्यात् सदा मंगलम्॥*

कमलताईंनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी 'पक्कं' शेजारी उघडून ठेवलं आणि रमाचा एक तरी शब्द तिकडे शिल्लक आहे का, ते बोट ठेवून शोधलं. 'बाळा' नव्हतं, डबे नव्हते, वेणी नव्हती. उरलं होतं ते फक्त कुर्यात् सदा मंगलम्, आणि ते तर सगळ्यांचंच असतं. चार वर्षं त्या ज्याला थोडीशी डागडुजी समजत होत्या, ती डागडुजी नव्हती. त्यांनी रमाला पुसून टाकलं होतं आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. तेव्हा फोनवर वाचून दाखवलं होतं, तेही त्यांना आठवलं. "छान झालं ताई," रमा म्हणाली होती. "माझं काही राहिलं का त्यात?" आणि ती हसली होती. कमलताईही हसल्या होत्या. आता त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी आवरलं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी दोनशे लग्नांची मंगलाष्टकं नव्या लॅपटॉपवर उतरवून घेतली. डबीवर पांढरी पट्टी चिकटवून तारीख घातली. यापुढे प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी, असं त्यांनी कानाला खडा लावून ठरवलं. मग त्या रमाच्या ओळी घेऊन बसल्या. त्या गाणं सोपं नव्हतं. पहिली ओळ लांब, तिसरी आखूड, दुसरीत श्वास कुठे घ्यावा तेच कळेना. एक शब्द काढला तर सहज बसली असती. त्यांनी तो काढला नाही. महिनाभर त्या स्वयंपाकघरात गुणगुणत राहिल्या. तुकोजीराव एकदा म्हणाले, "अगं, चुकतंय ते."

"माहीत आहे," कमलताई म्हणाल्या. "तसंच म्हणायचंय."

लग्नाच्या दिवशी हॉल भरला होता. क्षितिजा अंतरपाटाआड मान खाली घालून उभी होती. तिच्या मागे, जिथे आई असते तिथे, मामी उभी होती. कमलताईंचं गणपतीचं म्हणून झालं, कुलदैवताचं झालं, दोन्ही घराण्यांचं झालं. सगळं नेहमीसारखं एकोणीस अक्षरांत, ठणठणीत. मग त्यांनी हातातला कागद घडी करून खाली ठेवला.

पहिली ओळ सुरू होताच गुरुजींनी चमकून वर पाहिलं. महिला मंडळाच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. कमलताई चुकल्या, वयच झालं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. चाल अडखळली, पुढे ढकलली गेली, पुन्हा अडखळली. साठ डब्यांच्या घाईत तुझी वेणी. कमलताईंचा आवाज अजिबात कापला नाही. तो त्यांनी कापू दिला नाही.

ओळ कोणाची ते त्यांनी सांगितलं नव्हतं. सांगायचं होतं ते शेवटी. पण दुसरी ओळ पुरी व्हायच्या आत अंतरपाटापलीकडून, हॉलमधल्या प्रत्येकाला ऐकू जाईल असा आवाज आला. "आई."

अंतरपाट धरणाऱ्या दोघांचे हात खाली आले आणि गुरुजींनी खूण करताच पुन्हा वर गेले. कमलताईंनी दुसरी ओळ पुरी केली आणि त्या तिसरी ओळ, जितकी सावकाश म्हणता येईल तितकी सावकाश, म्हणू लागल्या.