काकूचा चढलेला आवाज

आमच्या काकांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणं हा त्यांचा जन्माचा धंदा. हल्ली गिऱ्हाईक कमी आणि कंटाळा जास्त. तरी एक हट्ट त्यांनी सोडला नव्हता. रेडिओ जोडा, टेप जोडा नाहीतर मोबाइल, बटण फिरवल्यावर माणूस दचकता कामा नये. प्रत्येकाकडून येणारा जोर वेगळा, आणि अ‍ॅम्प्लिफायरला किती झेपतो ते ठरलेलं. जोर कमी पडला तर नुसती खरखर, जास्त झाला तर आवाज फाटतो. काका हे कानानेच जुळवत. हा जोर मोजायचा मीटर कपाटावर धूळ खात पडलेला. तो काढायचा म्हणजे त्यांना कमीपणा वाटे.

जेवणाचं ताटही ते दुकानातच मागवून घेत, काकूचं तोंड चुकवायला. ती हल्ली वसकन अंगावर येते, हे रडगाणं मी ऐकून ऐकून विटले होते. पण त्यात खोटं काही नव्हतं. काकू साधं जेवायला बोलवायची तरी शेजाऱ्यांना कळायचं. मलाही तिचा राग यायचा. एवढा जुना संसार, आणि बोलणं उरलं होतं ते ताट आणण्या-नेण्यापुरतं.

एका दुपारी नाचाच्या क्लासच्या बाई त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा घेऊन आल्या. मोबाइलवर गाणं लावलं की आवाज फाटतो, ही त्यांची जुनीच तक्रार. काकांनी मोबाइल जोडला, डोळे मिटून ऐकलं आणि सगळं ठीक आहे म्हणून हात झटकले. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या तर कानात सुया टोचत होत्या.

ताट न्यायला आलेली काकू दारात थांबली. म्हणाली, "फाटतोय."

काका तणतणत उठले. मीटर पुसला, लावला. काटा पार टोकाला जाऊन आपटला. त्यांनी मोबाइलकडून येणारा जोर हळूहळू उतरवला, काटा जागेवर आणला आणि फरक पडला का विचारलं. आम्ही तिघींनी माना हलवल्या. बाई खूश होऊन गेल्या.

काका स्टुलावर बसून राहिले.

"मला दोन्ही वेळा सारखंच ऐकू आलं," ते म्हणाले. मग काकूकडे बघून त्यांनी विचारलं, "आणि तू घरात ओरडतेस, ते?"

"ओरडते कुठे? तुमच्यापर्यंत पोचेल एवढं बोलते. संध्याकाळपर्यंत घसा बसतो माझा."

"मग सांगायचंस ना."

"सांगितलं की. कितीदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, ओरडू नकोस."

मला काकूकडे बघवेना. तिला भांडखोर ठरवण्यात मीही मागे नव्हते.

काकांनी गिऱ्हाइकाचं स्टूल ओढून आपल्या स्टुलाला लावलं आणि तिला बसायला सांगितलं. काकू ताट बाजूला ठेवून बसली, त्यांच्या कानाशी वाकली आणि काहीतरी बोलली. त्या घरात कितीतरी दिवसांनी काकूचं बोलणं मला ऐकू आलं नाही.

काकांना मात्र ऐकू आलं. ते म्हणाले, "मीसुद्धा दमलोय गं."